फोर-केसाठी ग्राफिक्स कार्ड शोधताना: एप्रिल ते जुलै २०२५ च्या नोंदी

६ एप्रिल, रविवार

रामनवमी नेमकी रविवारी आली, म्हणजे सुट्टी बुडाली, पण बसून हिशोब करायला वेळ मिळाला. जुन्या २४ इंची मॉनिटरवर मधोमध एक उभी हिरवी रेघ आलीये आणि ती काही जात नाही. बायको म्हणाली नवीन घे आणि विषय संपव. तिला काय माहीत विषय तिथून सुरू होणार होता.

सध्याचा पीसी असा: रायझन ५ ५६०० (प्रोसेसर दोन वर्षांपूर्वी बदलला), बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, आरटीएक्स २०६० ग्राफिक्स कार्ड सहा जीबीवालं, ५५० वॉटचा एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज देणारा डबा), छोटं कॅबिनेट. सगळं २०२० चं. ठरवलं असं की मॉनिटर फोर-के (फुल एचडीच्या चौपट पिक्सेलचा) घ्यायचा, ३५ हजारापर्यंत, आणि कार्ड ५५ पर्यंत. एकूण ९०. हा आकडा मुद्दाम इथे लिहून ठेवतोय, पुढे लाज वाटायला उपयोगी पडेल.

१२ एप्रिल, शनिवार

मॉनिटर आला. २७ इंची, फोर-के, १४४ हर्ट्झ (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा), ३६,५०० ला. टेबलापासून अडीच फुटावर बसतो मी, तिथून अक्षरं इतकी बारीक आणि स्वच्छ दिसतात की आधी अर्धा तास नुसत्या एक्सेलच्या शीट उघडून बघत बसलो.

पहिली चूक लगेच. मॉनिटर जुन्या एचडीएमआय केबलने लावला आणि सेटिंगमध्ये ६० हर्ट्झच्या वर काही दिसेना. तासभर ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) काढ-घाल केली. मग ट्यूब पेटली की २०६० चं एचडीएमआय २.० आहे, ते फोर-केला ६० च्या वर जातच नाही. डिस्प्लेपोर्टनेच जायला पाहिजे. घरात पडलेली डिस्प्लेपोर्ट केबल लावली तर १४४ दिसलं खरं पण दर पाच-दहा मिनिटांनी स्क्रीन दोन सेकंद काळी. मला वाटलं मॉनिटरच खराब, रिटर्नची रिक्वेस्ट टाकून मोकळा झालो होतो. नंतरची भर: सोमवारी ९०० रुपयांची डीपी८के लिहिलेली डिस्प्लेपोर्ट केबल आणली आणि काळं होणं थांबलं ते आजतागायत. रिटर्न कॅन्सल केला. फोर-के घेणाऱ्यांनी आधी केबल बघा, नंतर बाकीच्यांना शिव्या द्या.

१५ एप्रिल, मंगळवार

जुन्या कार्डावर फोर-के किती चालतं ते लिहून ठेवतोय, नवीन कार्ड आल्यावर तुलना करायला. फुल एचडीमध्ये २०,७३,६०० पिक्सेल, फोर-केमध्ये ८२,९४,४००. बरोब्बर चौपट काम. बिचाऱ्या २०६० कडून कसली अपेक्षा करणार.

सायबरपंक २०७७, हाय सेटिंग, डीएलएसएस (कमी पिक्सेलमध्ये चित्र काढून ते मोठं करणारी सोय) परफॉर्मन्सवर: सेकंदाला २६-२७ फ्रेम. रेड डेड २, मिडियम: तिशीच्या आसपास, घोडा पळवला की खाली. फोर्झा होरायझन ५ मात्र मिडियमला पन्नाशी गाठतं, आश्चर्य आहे. एक गोष्ट चांगली कळली. जानेवारीत डीएलएसएसचं जे नवीन ट्रान्सफॉर्मर मॉडेल आलं ते जुन्या आरटीएक्स कार्डांवर पण चालतं, आणि परफॉर्मन्स मोडमध्ये सुद्धा चित्र आधीसारखं पाणचट दिसत नाही. म्हणजे नवीन कार्ड घेताना प्रत्येक गेम नेटिव्ह फोर-केमध्ये, म्हणजे असं चित्र मोठं न करता, चालला पाहिजे हा हट्ट सोडायला हरकत नाही. हे डोक्यात ठेवलं.

२० एप्रिल, रविवार

मामेभाऊ इथे नाशकातच पाथर्डी फाट्याला राहतो, त्याच्याकडे आरटीएक्स ४०७० सुपर आहे, १२ जीबीवालं. माझ्या ५५ च्या बजेटमध्ये तेच किंवा नवीन ५०७० बसत होतं, दोन्ही १२ जीबी. म्हटलं विकत घेण्याआधी बघू तर. मॉनिटर गादीच्या दोन चादरीत गुंडाळून रिक्षाने नेला. रिक्षावाला दादा विचारतोय टीव्ही बिघडला का.

सायबरपंक अल्ट्रा, रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्यांचा खऱ्यासारखा हिशोब) बंद, नेटिव्ह फोर-के: ४२-४३. डीएलएसएस क्वालिटी लावलं की साठी पार. मी तिथल्या तिथे ५०७० घ्यायचं ठरवलं होतं. पण भाऊ म्हणाला, "थांब भो, जोन्स लावून बघ."

इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल. या गेममध्ये टेक्श्चर पूल साइज नावाची एक सेटिंग आहे, गेम व्हीरॅममध्ये (कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत) टेक्श्चरसाठी किती जागा धरून ठेवणार ते ती ठरवते. आम्ही फोर-केला ती सगळ्यात वर नेली. फ्रेम सत्तरवरून नऊ. नऊ! हळूहळू उतरले नाहीत, लिफ्टची दोरी तुटावी तसे धाडकन खाली. सेटिंग दोन पायऱ्या खाली आणली की परत सत्तर. कार्डाची ताकद तीच, फक्त १२ जीबीची बादली भरून वाहायला लागली होती.

आता कोणी म्हणेल सेटिंग खाली आण ना, काय बिघडतं. काही नाही बिघडत, भाऊ तसाच खेळतो आणि मजेत आहे. पण मी कार्ड पाच वर्षं ठेवणारा माणूस आहे, मागचं तसंच ठेवलं. आज जो गेम सगळ्यात जड आहे तो तीन वर्षांनी साधा होणार. एवढ्यावरून ठरवलं, १६ जीबीच्या खाली जायचं नाही. बजेट तिथेच फुटलं.

२४ एप्रिल, गुरुवार

१६ जीबी म्हटल्यावर यादी छोटी झाली. (आरटीएक्स म्हणजे एनव्हिडियाची कार्डं, आरएक्स म्हणजे एएमडीची.)

आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी: नुकतंच आलंय, बजेटमध्ये बसतं. पण मेमरी बस (मेमरीकडे जायचा रस्ता) १२८ बिट आणि पीसीआय लेन (बोर्डशी बोलायच्या वाटा) आठच. माझा बी४५० बोर्ड पीसीआय ३.० वर अडकलेला, म्हणजे आठ लेनचं कार्ड त्यात १६ लेनच्या कार्डाच्या निम्म्याच वेगाने बोलणार. फोर-केला ते तसंही अपुरं. कट.

आरएक्स ९०७०: २२० वॉट, १६ जीबी. बरं आहे. पण एक्सटीपेक्षा फार स्वस्त मिळेना, चार-पाच हजाराचाच फरक सांगतायत.

आरएक्स ९०७० एक्सटी: ३०४ वॉट, १६ जीबी. ६६ ते ७४ हजार, ब्रँड बघून.

आरटीएक्स ५०७० टीआय: ३०० वॉट, १६ जीबी जीडीडीआर७. ८३ च्या पुढेच.

शिवाय एक सेकंड हँड ३०८० आलं समोर, १० जीबी, २८ हजार, सिडकोतला एक मुलगा विकतोय. जाऊन बघितलं. कार्ड धुतल्यासारखं चकचकीत, पंख्याच्या पात्यांवर धुळीचा कण नाही, पण मागच्या पट्टीवरचे स्क्रू मात्र झिजलेले, म्हणजे कोणीतरी अनेकदा उघडलेलं. बिल विचारलं तर "मित्राकडून घेतलंय". क्रिप्टो मायनिंगमध्ये होतं की नाही मला सांगता येणार नाही. मला १० जीबी तसंही नको होतं, पण खरं सांगतो, २८ हजार ऐकून पाऊण तास तिथे घुटमळलो.

१ मे, गुरुवार

आजची चूक सगळ्यात मूर्खपणाची. नाशकात कार्डांचे भाव विचारले तर एका दुकानात सांगितलं, "साहेब, सुट्टं कार्ड नाही मिळणार, सोबत मॉनिटर नाहीतर एसएमपीएस घ्यावा लागेल." दुसरीकडे ९०७० एक्सटीचा भाव ७२ हजार, तोही "बिलाशिवाय घेतलं तर". म्हणून ठरवलं मुंबईला लॅमिंग्टन रोडला जाऊन बघू, सुट्टी आहेच. सकाळची पंचवटी पकडली, दादरला उतरलो, तिथून वेस्टर्नने ग्रँट रोड. पोचलो तर अर्ध्या गल्लीची शटरं खाली. महाराष्ट्र दिन. ज्या कारणाने मला सुट्टी त्याच कारणाने त्यांनाही, हे नाशिक रोड स्टेशनवर सुचायला काय हरकत होती.

जी चार-पाच दुकानं उघडी होती तिथे ९०७० एक्सटी ६७ ते ७० सांगितलं. म्हणजे नाशिकच्या बिलाशिवायच्या भावापेक्षाही दोन ते पाच हजार कमी. त्यातले जाण्यायेण्याचे, जेवणाचे ७५० गेले. आणि कार्डात काही निघालं तर परत पंचवटी. घेतलं नाही.

पण चक्कर पूर्ण वाया नाही. एका दुकानदार काकांनी तीन डबे उघडून दाखवले. फोटोत सगळी कार्डं सारखीच दिसतात, हातात घेतल्यावर कळतं. एकाच चिपची तीन कार्डं: एक ३३० मिलीमीटर लांब, विटेसारखं जड, एकाला तीन पॉवर कनेक्टर, आणि एक २९० मिलीमीटर, दोनच कनेक्टर. काका म्हणाले, "कॅबिनेट कुठलं आहे? मोजलंय का?" मी म्हटलं कंपनीच्या साइटवर ३३० लिहिलंय. ते नुसते हसले.

४ मे, रविवार

मोजलं. आईची शिवणकामाची टेप घेऊन. साइटवरचे ३३० हे पुढचा पंखा नसताना. माझ्या कॅबिनेटमध्ये पुढे दोन पंखे आहेत, २५ मिलीमीटर जाडीचे, शिवाय पंख्याची वायर. खरी जागा भरली ३०२. आई बघत होती, म्हणाली, "एवढ्याशा डब्यात एवढं मोठं कशाला कोंबतोस?" प्रश्न बरोबर होता.

नवीन कॅबिनेट घ्यायचं मनात आलं, पाच-सहा हजार. मग म्हटलं नको, ३०० च्या आतलंच कार्ड घ्यायचं. त्यामुळे दोन्ही कंपन्यांची निम्मी मॉडेलं आपोआप गळाली आणि मला इतकं हलकं वाटलं. पंधरा रिव्ह्यू बघून जे ठरत नव्हतं ते टेपने दहा मिनिटांत ठरवलं. जाडी पण मोजा, फक्त लांबी नाही. माझ्याकडे खालच्या बाजूला तीन स्लॉटच्या कार्डाला जेमतेम बोटभर जागा उरते आणि तिथूनच हवा ओढायची असते त्याला.

८ मे, गुरुवार

९०७० एक्सटी की ५०७० टीआय, यावर तीन रात्री गेल्या. जे मुद्दे माझ्यापुरते खरे ठरले ते लिहितो.

टीआयच्या बाजूने: डीएलएसएस जवळजवळ सगळीकडे आहे, आणि मी स्वतः २०६० वर बघितलंय किती चांगलं चालतं. रे ट्रेसिंग जड असेल तिथे ते पुढे आहे, यात वाद नाही. एक्सटीच्या बाजूने: रे ट्रेसिंगशिवायच्या गेममध्ये दोघांत फार अंतर नाही, एफएसआर ४ (एएमडीचं डीएलएसएससारखं) हे आधीच्या एफएसआरपेक्षा कितीतरी वरचढ आहे, आणि माझ्या आवाक्यातल्या मॉडेलमध्ये फरक १६,५०० चा. एफएसआर ४ ची अडचण एवढीच की ते आत्ता मोजक्या गेममध्ये आहे. सायबरपंकमध्ये नाही, रेड डेडमध्ये नाही. म्हणजे माझ्या तीनपैकी निदान दोन गेममध्ये नाही!

एसएमपीएस दोघांनाही ७५० वॉटचा लागतो, कंपन्या स्वतःच तसं सांगतात, त्यामुळे तो खर्च दोन्हीकडे सारखा. शेवटी मी स्वतःला विचारलं, मी रे ट्रेसिंग लावून खेळतो का? मागच्या पाच वर्षांत आरटीएक्स कार्ड असून ते किती वेळा लावलं? उत्तर: फोटो काढण्यापुरतं, दोनदा. एक्सटी घ्यायचं ठरलं. माझ्यासारखा खेळणारा नसेल तर तुमचं उत्तर उलटं येईल, आणि ते बरोबरच असेल.

१३ मे, मंगळवार

घेतलं. नाशकातच, शरणपूर रोडच्या बाजूला एका दुकानातून, ६७,५०० ला, पक्क्या जीएसटी बिलावर. लॅमिंग्टन रोडचा भाव फोनवर दाखवला आणि शांत बसलो, त्यांनी उतरवला. २९० मिलीमीटरवालं, दोन कनेक्टरचं. डब्यावरचा सिरियल नंबर आणि बिलावरचा नंबर जुळवूनच निघालो. सोबत ७५० वॉटचा गोल्ड एसएमपीएस ८,२००.

अवकाळी पावसाने झोडपलंय आठवडाभर. डबा रेनकोटच्या आत आणि मी भिजत, असा घरी आलो.

१५ मे, गुरुवार

इथे नीट वाचा. ही चूक मला सगळ्यात महाग पडली.

जुना एसएमपीएस अर्धा मॉड्युलर होता, म्हणजे काही केबली सुट्ट्या निघतात. हार्ड डिस्कची सॅटा पॉवर केबल कॅबिनेटच्या मागून झिप टायने घट्ट बांधलेली, मीच २०२० मध्ये मोठ्या हौसेने बांधलेली. ती सोडायचा कंटाळा आला. दुसऱ्या टोकाचा प्लग नवीन एसएमपीएसमध्ये बसतो का बघितलं, टक्क करून बसला. मग काय, बसतोय तर चालतोय.

बटण दाबलं. आधी एक बारीक "टिक" आवाज, मग जळक्या प्लास्टिकचा वास, आणि पीसी सुरू झाला आणि लगेच बंद. परत दाबलं (हो, परत दाबलं), परत बंद. मागून स्विच बंद करून केबली एकेक काढल्या. हार्ड डिस्क काढल्यावर पीसी व्यवस्थित सुरू झाला. म्हणजे गेली.

नंतर कळलं ते असं. एसएमपीएसच्या बाजूच्या प्लगला कुठल्या पिनवर किती व्होल्ट हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असू शकतं, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही वेगळं. प्लगचा आकार सारखा म्हणून बसतो, पण पाच व्होल्टच्या जागी बारा जातात. डिस्कच्या बाजूचं टोक सारखं असतं, एसएमपीएसच्या बाजूचं नाही. नवीन एसएमपीएस घेतला की जुन्याची एकही केबल आत ठेवू नका. एकही नाही. झिप टाय स्वस्तात मिळतात.

एक टीबीची डिस्क. गेम गेले त्याचं काही नाही, परत डाउनलोड होतात. पण बहिणीच्या लग्नाचे सगळे ओरिजिनल फोटो त्यातच होते. फोटोग्राफरने तेव्हा पेनड्राइव्ह दिला होता, तो कुठे आहे कोणालाच माहीत नाही. घरात अजून सांगितलेलं नाही.

१७ मे, शनिवार

कार्ड बसलं. टेपचं ऐकलं म्हणून बसलं, पुढच्या पंख्यात आणि कार्डात करंगळी जाईल एवढीच फट. दोन कनेक्टरना एसएमपीएसकडून दोन वेगळ्या केबली लावल्या, एकाच केबलची दोन तोंडं वापरली नाहीत. जुने ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयू नावाच्या टूलने काढले. हे सगळं सरळ झालं.

नंतर ड्रायव्हरच्या पॅनलमध्ये दिसलं की स्मार्ट ॲक्सेस मेमरी (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) बंद आहे. ते चालू करायला बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये) रिसाइझेबल बार लागतो, तो पर्याय माझ्या बायोसमध्ये नव्हताच. पेनड्राइव्हवरून बायोस अपडेट केला. (बाहेर वीज कडाडत होती. तेव्हा करू नका. मी केला, देव पाठीशी होता.) पर्याय आला, चालू केला, त्यासाठी सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारा पर्याय) बंद करावं लागलं, केलं. रीस्टार्ट. विंडोज गायब. सरळ बायोसमध्येच जाऊन उभं राहतंय.

कारण असं की २०२० मध्ये विंडोज (ते जळालेल्या नव्हे, दुसऱ्या डिस्कवर आहे) जुन्या पद्धतीने, एमबीआर डिस्कवर टाकलं होतं, आणि सीएसएम बंद केलं की ते बूटच होत नाही. घाबरून फॉरमॅट मारू नका. सीएसएम परत चालू करा, विंडोज येतं. मग विंडोजमध्येच एमबीआरटूजीपीटी नावाचं, डिस्क नव्या पद्धतीत बदलणारं टूल असतं, ते ॲडमिन म्हणून चालवायचं, आधी व्हॅलिडेट, मग कन्व्हर्ट. माझं व्हॅलिडेटच फेल झालं, कारण डिस्कवर चार पार्टिशन होती आणि त्याला तीनपेक्षा जास्त चालत नाहीत. एक जुनं रिकामं पार्टिशन होतं ते उडवलं, मग चाललं. दहा सेकंदाचं काम, त्याआधी चार तास.

फरक पडला का? फोर्झाच्या बेंचमार्कमध्ये (वेग मोजायच्या चाचणीत) ९६ चे ११० झाले. फुकटात मिळालेले चौदा.

२१ मे, बुधवार

संध्याकाळी पाऊस, लाईट आली-गेली चाललेलं. सायबरपंकमध्ये एका मोठ्या मारामारीच्या मधोमध लाईट गेली, यूपीएसने एक "पीं" केलं आणि सगळं काळं. यूपीएस ६०० व्हीएचा, म्हणजे ३६० वॉट. आधी २०६० होतं तेव्हा आरामात टिकायचा. आता प्लगमधल्या मीटरवर बघितलं तर गेम चालू असताना मॉनिटर धरून ४७० वॉटच्या पुढे जातंय. बॅटरीचा दोषच नाही, त्याच्या ताकदीबाहेरचं ओझं.

लाईट असताना सगळं ठीक चालतं म्हणून हे लक्षातच येत नाही. आपल्याकडे यूपीएस हा पीसीचाच भाग धरायला पाहिजे, परदेशी रिव्ह्यूत याचा उल्लेखही नसतो कारण त्यांची लाईट फारशी जात नाही. ११०० व्हीए, ६६० वॉटचा घेतला, ६,४००. टीआय न घेऊन वाचवलेले साडेसोळा हजार, त्यातले हे गेले. टिकतो पाच-सहा मिनिटं, सेव्ह करून बंद करायला पुरतात.

२५ मे, रविवार

आज पाऊस थांबला आणि उकाडा सुरू. आमचा फ्लॅट वरच्या मजल्यावर, खोली ३४ अंश. तासभर गेम चालवला की कार्डाच्या मेमरीचं तापमान ९४ दाखवतंय आणि पंखे गिरणीसारखे वाजतायत. चालतं म्हणे तेवढं, पण माझ्या मनाला बरं वाटेना. मार्च-एप्रिलमध्ये ही खोली चाळीसला जाते.

व्होल्टेज कमी करून बघितलं. उणे १२० मिलीव्होल्टला बेंचमार्क पास, मी खूश, सगळ्यांना स्क्रीनशॉट पाठवले. रात्री रेड डेडमध्ये चाळीस मिनिटांनी ड्रायव्हर टाइमआउट, म्हणजे गेम बंद. पुढच्या दिवसांची भर: उणे १०० ला दीड तासाने. उणे ८० ला दुसऱ्या दिवशी. शेवटी उणे ६० आणि पॉवर लिमिट उणे १० टक्के, तेव्हापासून एकदाही नाही. फ्रेम दोन-तीनने कमी झाले असतील, मेमरी ८६ वर आली, पंख्याचा आवाज घरच्या सीलिंग फॅनखाली दबला. बेंचमार्क पास झाला म्हणजे व्होल्टेज बसलं असं समजू नका, त्यावर एक आख्खी संध्याकाळ खेळा.

८ जून, रविवार

तुलनेचे आकडे, सगळे फोर-के, वरच्या सेटिंगमध्येच: सायबरपंक अल्ट्रा, रे ट्रेसिंग बंद, नेटिव्ह ५५-५६. रेड डेड २ ऐंशीच्या आसपास. फोर्झा एक्स्ट्रीम १०८. जोन्समध्ये टेक्श्चर पूल वर नेला तरी फ्रेम कोसळत नाहीत, भावाला बोलावून दाखवलं, त्याने फक्त चहा मागितला.

जिथे पस्तावलो ते पण सांगतो. सायबरपंकला ७५-८० हवे होते म्हणून त्यातलं जुनं एफएसआर लावलं, तर पावसात दूरच्या जाळ्या, वायरी, झाडांची पानं सगळी मुंग्या आल्यासारखी वळवळतात. २०६० वर डीएलएसएस यापेक्षा स्वच्छ दिसायचं, पाच वर्षं जुन्या कार्डावर. हे बघून त्या रात्री टीआयचे भाव परत उघडून बसलो होतो. हौस म्हणून पाथ ट्रेसिंग (रे ट्रेसिंगचाच सगळ्यात जड प्रकार) पण लावलं, तिशीच्या आत आपटलं, बंद केलं.

२० जुलै, रविवार

सायबरपंकचं २.३ अपडेट आलं गुरुवारी, आणि त्यात एफएसआर ४ दिलंय. क्वालिटीवर ८० च्या आसपास, आणि जाळ्या गप्प बसल्या. रेड डेडला अजून नाही, त्याला नेटिव्हच बरं आहे. आता टीआयचे भाव बघत नाही.

२०६० विकलं ११ हजाराला, सिन्नरहून एक मुलगा वडिलांना घेऊन आला होता. मी पीसीला लावून, गेम चालवून दाखवलं, जुनं बिल दिलं. वडिलांनी एकच विचारलं, "याने लाईट बिल किती वाढेल?" मी मीटर दाखवला.

खर्च: मॉनिटर ३६,५००, केबल ९००, मुंबई ७५०, कार्ड ६७,५००, एसएमपीएस ८,२००, यूपीएस ६,४००. झाले १,२०,२५०. जुन्या कार्डाचे ११ हजार वजा केले तरी १,०९,२५०. एप्रिलमध्ये ९० लिहिलं होतं.

डिस्कचं राहिलं. डेटा रिकव्हरीवाल्याने फोनवरच पाच आकडी सांगितले होते म्हणून ती दोन महिने कपाटात पडून होती. मग कळलं की डिस्कच्या हिरव्या सर्किटवर पॉवरच्या तोंडाशी एक छोटा टीव्हीएस डायोड असतो, जास्त व्होल्टेज आलं की तो स्वतः शॉर्ट होऊन बाकीच्यांना वाचवतो. काल एम.जी. रोडला एका मोबाईल रिपेअरवाल्या दादाकडे सर्किट नेलं. त्याने मल्टिमीटरची टोकं टेकवली, मशीन पिपाणीसारखं वाजलं, "हा मेलाय" म्हणाला, गरम हवेने दोन मिनिटांत उपटून काढला. २०० रुपये घेतले. म्हणाला आता याला संरक्षण नाही, एकदाच लाव, कॉपी कर आणि सोडून दे.

आज सकाळी लावली, या वेळी नवीन एसएमपीएसच्याच केबलने, तीनदा बघून. फिरली. घरघर ऐकून अंगावर काटा आला. लग्नाचं फोल्डर १८६ जीबीचं आहे, आत्ता ४१ टक्के झालंय. बाहेर ढग आलेत, यूपीएसवर टाकलंय, गेम बंद आहे.